साडेचार हजारांना तो रुपया घेऊ नका

प्रश्न : मी मिरजेत असतो, बँकेत नोकरी करतो आणि बरीच वर्षं मराठेशाहीतली नाणी जमवतोय. गेल्या महिन्यात एका ऑनलाइन लिलावात पुणे टांकसाळीचा अंकुशी रुपया, म्हणजे अंकुशाची खूण असलेला चांदीचा रुपया, आला होता. बोली १,००० पासून सुरू झाली. माझ्या आधीचा एक जण २,२०० वर थांबला होता. मी कमाल मर्यादा ४,५०० टाकून ठेवली आणि माझ्या नावावर २,३०० दिसू लागले. लिलाव संपायच्या आदल्या रात्री पावणेअकराच्या सुमारास एका नव्याच आयडीने दहा-बारा मिनिटांत २,५००, २,८००, ३,१०० असं करत नऊ वेळा बोली चढवली, ४,६०० वर गेला आणि थांबला. मी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी रात्री लिलाव संपला आणि सकाळीच विक्रेत्याचा मेसेज आला : 'पहिल्याने पैसे भरले नाहीत, तुमच्या ४,५०० ला देतो. थेट यूपीआय केलंत तर अ‍ॅपचं कमिशन वाचेल.' खरं तर पैसे भरायला तीन दिवसांची मुदत असते. याच विक्रेत्याकडून मी आधी दोन नाणी घेतली आहेत. रुपया घेऊ का? आमच्या ग्रुपमधला एक मित्र म्हणतो, 'आपणही असंच करू. एकाने छोटी बोली लावायची, दुसऱ्याने लगेच भरमसाट मोठी लावायची, बाकीचे पळतात; मग शेवटी मोठी बोली मागे घ्यायची.' लोक आपल्याला फसवतात तर आपण का करू नये, असं त्याचं म्हणणं आहे. मला पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

उत्तर :

घेऊ नका. त्या किमतीला नाहीच, आणि अ‍ॅपच्या बाहेर तर कुठल्याच किमतीला नको. मित्राच्या बोलण्याकडे नंतर येते, आधी त्या रात्री काय झालं ते नीट बघू.

तुम्ही ४,५०० टाकलेत तेव्हा ते पैसे तुमच्या नावावर चढले नाहीत. तो आकडा यंत्रणेने झाकून ठेवला आणि समोरच्यापेक्षा फक्त एक पायरी वरची, म्हणजे २,३०० ची बोली तुमच्या नावाने दाखवली. कोणी २,५०० म्हणालं की यंत्रणा आपोआप २,६०० म्हणणार, आणि हे तुमची मर्यादा येईपर्यंत चालणार. यामागचा विचार जुना आहे. विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये दाखवून दिलं की जिंकणाऱ्याने स्वतःची नव्हे, दुसऱ्या क्रमांकाची किंमत मोजायची असा नियम केला, तर प्रत्येकाने आपल्या मनातला खरा आकडा सांगणंच त्याच्या फायद्याचं ठरतं. १९९६ चं नोबेल त्यांना मिळालं त्यात लिलावांवरच्या या कामाचा वाटा मोठा होता. ऑनलाइन लिलावातली कमाल मर्यादेची सोय याच विचाराच्या जवळची आहे. पण तो सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे : दुसऱ्या क्रमांकाची बोली खऱ्या गिऱ्हाइकाची असली पाहिजे. ती विक्रेत्यानेच, किंवा त्याच्या मेहुण्याने, लावलेली असेल तर तुम्ही विश्वासाने सांगितलेला आकडा त्याच्या हातातलं हत्यार होतो.

आता त्या नऊ बोल्या बघा. तीनशे-तीनशेच्या उड्या, प्रत्येक उडीनंतर तुमच्या नावाचं आपोआप उत्तर, की पुढची उडी. ४,३०० नंतर तो ४,५०० वर आला. तिथे तुमची बोली आधीची असल्याने तुम्हीच पुढे राहिलात, पण यंत्रणेने वरची पायरी दाखवली नाही. तुमची मर्यादा संपली हे त्याला तिथे कळलं. तरी त्याने ४,६०० टाकलं. यातून दोन अर्थ निघतात. एक, तो खरंच नाणं हवं असलेला नवखा माणूस होता. नवखी माणसं अशीच थोडी-थोडी चढतात, कारण कमाल मर्यादा टाकून निवांत बसता येतं हे त्यांना माहीत नसतं. दोन, तो तुमचा आकडा चाचपत होता, आणि शेवटची एक उडी जास्त मारून बसला. खोट्या बोलीवाल्याची ही नेहमीची अडचण असते. मर्यादेच्या अगदी खाली थांबलं तर फायदा, ती ओलांडली तर नाणं स्वतःच्याच गळ्यात. मग ते गळ्यातून काढायला दुसऱ्या दिवशी सकाळचा मेसेज येतो.

नुसत्या त्या नऊ बोल्यांवरून मी विक्रेत्याला दोषी म्हटलं नसतं. पण तीन दिवसांची मुदत असताना 'त्याने पैसे भरले नाहीत' हे त्याला एका रात्रीत कसं कळलं? खऱ्या गिऱ्हाइकाची वाट तीन दिवस पाहिली जाते. गिऱ्हाईक खोटं असलं तरच वाट पाहण्याची गरज नसते. त्यात यूपीआयने बाहेर व्यवहार करण्याची घाई. मला तरी यात शंकेला फार जागा दिसत नाही.

तरी तुमच्या समाधानासाठी बोलीचा इतिहास उघडा. नावं झाकलेली असली तरी आयडीच्या खुणा बऱ्याचदा सारख्याच राहतात. हा आयडी याच विक्रेत्याच्या आणखी किती नाण्यांवर आहे, आणि त्यातली किती त्याने जिंकली? इतर कोणाच्या लिलावात तो दिसतो का? जो माणूस एकाच दुकानात रोज येतो, प्रत्येक वस्तूचा भाव वाढवतो आणि घरी जवळजवळ काहीच नेत नाही, तो गिऱ्हाईक नसतो. ईबेवर तर बोलीदाराची गेल्या तीस दिवसांतली किती टक्के बोली याच विक्रेत्याकडे होती हे तिथेच लिहिलेलं असतं. तुमच्या अ‍ॅपवर ती सोय नसेल तर त्या विक्रेत्याचे संपलेले पंधरा-वीस लिलाव उघडून वहीत उतरवून काढा. संध्याकाळभराचं काम आहे, पण नंतर याच वहीचा उपयोग होणार आहे. बोली मागे घेतल्याच्या नोंदीही पाहा. मोठी बोली लावून समोरच्याची मर्यादा उघडी पाडायची, मग 'आकडा चुकून पडला' म्हणून ती मागे घ्यायची आणि त्या मर्यादेच्या जरा खाली नव्याने बोली लावायची, हाही याच घरातला प्रकार. हे होऊ नये म्हणूनच ईबेने बोली मागे घेण्यावर बंधनं घातली आहेत. शेवटच्या बारा तासांत लावलेली बोली तासाभरातच मागे घेता येते, नंतर नाही.

हा प्रकार नवा नाही आणि छोट्या नाण्यांपुरताही नाही. २००० च्या मे महिन्यात अमेरिकेत ईबेवर एक चित्र आलं. विकणारा केनेथ वॉल्टन हा पेशाने वकील. जुन्या सामानात सापडलेलं चित्र, कॅनव्हासला पोराने भोक पाडलंय, अशी घरगुती कहाणी त्याने सोबत लिहिली होती. चित्रावर एका कोपऱ्यात 'आर.डी. ५२' अशी अक्षरं होती, आणि जाणकारांनी त्यावरून कॅलिफोर्नियाचे नामवंत चित्रकार रिचर्ड डिबेनकॉर्न यांचं नाव आपोआप जोडावं अशी ती चाल होती. बोली २५ सेंटपासून सुरू होऊन १,३५,८०५ डॉलरवर गेली, त्या काळच्या हिशोबाने सुमारे साठ लाख रुपये. विक्रेत्याने स्वतःच दुसऱ्या नावाने बोली लावल्याचं उघड झाल्यावर ईबेने तो सौदा रद्द केला. तपासात निघालं की वॉल्टन आणि त्याचे दोन साथीदार कितीतरी आयडी वापरून शेकडो लिलावांत एकमेकांच्या मालाची बोली चढवत होते. २००१ मध्ये त्यांच्यावर आरोप ठेवले गेले आणि वॉल्टनने गुन्हा कबूल केला. इंग्लंडमध्ये २०१० साली एका माणसाला स्वतःच्याच मिनीबसवर दुसऱ्या आयडीने बोली लावल्याबद्दल न्यायालयाने दंड आणि २५० तासांची समाजसेवा सुनावली.

वॉल्टन प्रकरणातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. खोटी बोली आणि खोटी कहाणी तिथे एकाच हाताने लिहिलेली होती. जो भावात खोटं बोलतो तो मालात खरं बोलेल असं धरून चालू नका. या विक्रेत्याकडून घेतलेली आधीची दोन नाणी एकदा पुण्या-मुंबईच्या एखाद्या जाणत्या संग्राहकाच्या हातात देऊन तपासून घ्या. वजन, कडा, अक्षरांची धार, सगळं. मराठेशाहीच्या नाण्यांच्या नकला बाजारात किती आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता कायदा. आपल्याकडे याबद्दल कायदा नाही असं बरेच संग्राहक समजतात. आहे, आणि तो १९३० चा आहे. वस्तू विक्री कायद्याचं ६४ वं कलम लिलावाबद्दलच आहे. विक्रेत्याला स्वतः बोली लावायची असेल तर तो हक्क राखून ठेवल्याचं त्याने लिलावाआधी उघड सांगितलं पाहिजे. तसं न सांगता त्याने स्वतः बोली लावली, किंवा दुसऱ्या कोणाला बसवलं, तर ते बेकायदेशीर ठरतं आणि घेणारा त्या विक्रीला फसवणूक मानू शकतो. पुढे असंही म्हटलंय की किंमत वाढवण्यासाठी खोटी बोली वापरली असेल तर सौदा मोडायचा की ठेवायचा हे घेणाऱ्याच्या मर्जीवर. राखीव किंमत ठेवायला कायद्याची हरकत नाही. विक्रेत्याला तीन हजारांखाली द्यायचं नव्हतं तर तसं लिहिता आलं असतं. राखीव किंमत उघडपणे ठेवायची नाही, वर भोळ्या गिऱ्हाइकाला १,००० च्या आकड्याने आत ओढायचं, आणि मग मागल्या दाराने भाव चढवायचा, यात प्रामाणिकपणा कुठे आहे?

म्हणून विक्रेत्याला उत्तर अ‍ॅपमधूनच द्या, फोनवर नको. चार ओळी पुरेत : 'त्या आयडीच्या बोल्या सौद्यातून गेल्या असतील तर त्यांनी चढवलेली किंमतही गेली. त्या वगळल्या तर माझ्या आधीची शेवटची बोली २,२०० ची आहे. एक पायरी वर, २,३०० ला अ‍ॅपमधून देत असाल तर घेतो.' हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. लिलाव सरळ झाला असता तर तुम्ही एवढेच मोजले असते. प्रामाणिक विक्रेत्याला यात खोट काढता येणार नाही. न पटल्यास त्याने नाणं पुन्हा लिलावाला लावावं. तो चिडला, किंवा 'अजून दोघं मागतायत' म्हणू लागला, तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं. बाहेर यूपीआय केलंत तर अ‍ॅपच्या लेखी व्यवहारच झालेला नसतो, आणि नाणं आलं नाही किंवा भलतंच आलं तर तक्रार कोणाकडे करणार? तसं कधी झालंच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

पुढच्या लिलावांसाठी माझा सल्ला थोडक्यात असा. नाण्याची स्वतःपुरती किंमत आधी ठरवा, कागदावर लिहा, आणि तो आकडा अगदी शेवटच्या मिनिटात टाका. याला काही लोक नाकं मुरडतात, पण त्यात लबाडी कुठलीच नाही. कोणाची बोली खोटी नसते, कोणी ती मागे घेत नसतं. तुमचा आकडा चाचपायला समोरच्याला वेळ मिळत नाही, इतकंच. अ‍ॅल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या दोघांनी २००२ मध्ये ईबे आणि त्या काळी चालणारे अ‍ॅमेझॉनचे लिलाव ताडून पाहिले होते. ईबेचा लिलाव ठरल्या सेकंदाला बंद होतो, तर अ‍ॅमेझॉनवर शेवटी बोली आली की वेळ वाढायची. शेवटच्या क्षणी बोली लावणारे ईबेवर कितीतरी जास्त निघाले. तेव्हा तुमच्या अ‍ॅपचा बंद होण्याचा नियम आधी वाचा. वेळ वाढत असेल तर या युक्तीचा उपयोग कमी, मग लिहिलेल्या आकड्यावर ठाम राहणं हाच उपाय. त्या रात्री तुम्ही ४,५०० वर थांबलात आणि आणखी शंभर रुपये टाकले नाहीत, हे मला फार आवडलं. तिथे चढत गेलेली माणसं मी पाहिली आहेत. नाण्यापायी नाही, समोरच्या आयडीला हरवायचं म्हणून ती चढतात, आणि खोटी बोली लावणाऱ्याचा सगळा धंदा त्या जिद्दीवरच चालतो.

आता तुमचा मित्र. तो म्हणतो ती युक्ती लबाडीच आहे, फक्त उलट दिशेने. विक्रेता खोट्या बोलीने भाव चढवतो. ही जोडी खोट्या बोलीने इतरांना हाकलून भाव पाडते. त्याला वाटतं की यात फसतो तो लबाड विक्रेता. पण युक्ती माणूस बघून चालत नाही. उद्या एखाद्या बाईने नवऱ्यामागे घरातला नाण्यांचा डबा लिलावाला काढला, तर तिच्या रुपयावरही हीच जोडी बसणार, आणि तिला कधी कळणारही नाही की तीन हजारांचं नाणं बाराशेला का गेलं. आणि त्या भरमसाट आकड्याला घाबरून जे गेले ते कोण? तुमच्यासारखेच, पगारातून चार पैसे बाजूला काढून नाणी जमवणारे. तुमच्या २,२०० वाल्याचाच विचार करा. त्या माणसाने तुम्हाला कुठे फसवलं होतं?

ग्रुपमध्ये 'आपण आपसात चढायचं नाही' असं ठरवणं त्याच रांगेतलं आहे. ठेकेदारांनी टेंडरमध्ये रिंग केली, म्हणजे आपसात आकडे ठरवून घेतले, की आपण चिडतो, व्यापाऱ्यांनी कांद्याच्या लिलावात रिंग केल्याचं ऐकलं की शेतकऱ्यासाठी जीव तुटतो. बाजार समित्यांत रुमालाखाली बोटं दाबून होणारे सौदे जाऊन उघड लिलाव आले ते कशासाठी? मालाला कोण किती द्यायला तयार आहे हे चारचौघांत दिसावं म्हणून. संगनमताने बोली लावणं स्पर्धा कायद्यालाही मान्य नाही. नाण्यांच्या ग्रुपवर कोणी धाड घालायला येणार नाही हे मला माहीत आहे. पण आपल्या छंदात भाव ठरतो तो एकमेकांच्या खऱ्या बोल्यांवरून. मागच्या वर्षी अंकुशी रुपया कितीला गेला हे पाहूनच पुढचा माणूस आपला आकडा ठरवतो. त्यात एक खोटा आकडा शिरला की तो पुढच्या दहा जणांच्या हिशोबात जातो. मित्राला हे सांगा, आणि त्यापेक्षा चांगलं काम द्या. ग्रुपमधल्या सगळ्यांनी मिळून त्या विक्रेत्याच्या जुन्या लिलावांची यादी करायची. एकट्या तुमच्या वहीपेक्षा सहा जणांच्या वह्यांना वजन असतं.

ती यादी झाली की अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. बोलीच्या इतिहासाचे, विक्रेत्याच्या मेसेजचे, तारीख-वेळ दिसतील असे स्क्रीनशॉट जोडा. आजच काढून ठेवा, जुने लिलाव पानावरून गायब होतात. तक्रारीत 'हा चोर आहे' असं लिहू नका. 'हे दोन आयडी एकाच फोनवरून, एकाच खात्यावरून चालतात का ते तपासावं' एवढंच मागा, कारण ते तुम्हाला दिसत नाही, अ‍ॅपला दिसतं. पुराव्याआधी ग्रुपवर विक्रेत्याचं नाव टाकू नका. चुकून तो नवखा माणूस खराच निघाला तर एका निर्दोष विक्रेत्याला तुम्ही कायमचं बदनाम केलं असं होईल. अ‍ॅपने दाद दिली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीचं शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. तुम्ही छंदासाठी घेता, विकायला नाही, त्यामुळे ग्राहक म्हणून तुमची बाजू सरळ आहे.

आणि आधीची दोन नाणी विसरू नका. त्यांच्या बोलीच्या इतिहासातही हाच आयडी तुमच्या मागे लागलेला दिसला, तर खरा दावा तिथे आहे, कारण ते पैसे तुम्ही मोजून बसला आहात. अशा वेळी सौदा मोडून नाणी परत देण्याचा, नाहीतर फरकाची रक्कम मागण्याचा विचार करता येईल. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. पावत्या काढून त्यांवरच्या तारखा आधी बघा, म्हणजे कुठल्या नाण्यासाठी घाई करायची ते ठरेल.